दारात मांजरासाठी झडप बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्यांसाठी आणि ओळखीपाळखीच्या माणसांसाठी मी आजवर बऱ्याच दारांत कॅट फ्लॅप, म्हणजे मांजराची झडप, बसवली आहे. पहिल्या दोन वेळी मी दार नीट मोजलं, मांजर मोजलं नाही, आणि दोन्ही वेळा त्याचा त्रास मांजराला झाला. म्हणून पुढच्या उत्तरांत सारखे मांजराचे पोट, खांदे, कान आणि मिशा येत राहतील. भोक काय, कोणताही सुतार पाडून देईल. ते कुठे हवं, केवढं हवं आणि कोणासाठी हवं, हे मात्र घरातल्या माणसालाच ठरवावं लागतं.

नुसतं भोक ठेवलं तर चालत नाही का? झडपच कशाला?

एके काळी नुसती भोकंच असायची. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथीड्रलमध्ये जुन्या खगोलीय घड्याळाच्या खालच्या दाराला एक गोल भोक आहे. १५९८ मध्ये बिशपच्या मांजरासाठी ते पाडायला सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद तिथल्या हिशेबात सापडते. उंदरांचा बंदोबस्त त्या मांजराकडे होता. मांजरासाठी दाराला भोक पाडायची कल्पना न्यूटनची, असं हमखास सांगितलं जातं. पण न्यूटन जन्मला १६४२ मध्ये.

भोकातून वारा, पाऊस, उंदीर आणि गल्लीतला बोका असे सगळेच आत येतात. झडप म्हणजे वरून टांगलेली, दोन्हीकडे झुलणारी हलकी पाटी. बहुधा पारदर्शक प्लॅस्टिकची असते. खालच्या कडेला चुंबक असतो, त्यामुळे मांजर गेल्यावर पाटी मध्यावर येऊन थांबते.

प्रत्येक मांजरासाठी झडप योग्य असते का?

नाही. बाहेर लगेच भरधाव रस्ता असेल, तर मी स्पष्ट नको म्हणते. वरच्या मजल्यावरच्या घरात बाल्कनीच्या दाराला झडप लावायची असेल, तर बाल्कनीला आधी पक्की जाळी हवी. मांजरं उंचीवरून पडतात आणि जबर जखमी होतात. नसबंदी झालेली नसेल, लसी राहिल्या असतील, तर ती कामं आधी. नवं आणलेलं मांजर किमान तीन-चार आठवडे घरातच ठेवा. या घराचा वास त्याच्या अंगवळणी पडल्याशिवाय ते परत यायला शिकत नाही.

झडप बाहेरच्याच दाराला हवी असं काही नाही. मांजराच्या शी-शूचा मातीचा ट्रे ज्या खोलीत आहे तिचं दार बंद ठेवायचं असेल, तर आतल्या दाराला साधी झडप फार सोयीची पडते. तिला कुलूप, चिप काही लागत नाही.

जमिनीपासून उंची किती ठेवायची?

चुका सर्वांत जास्त इथेच होतात. झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या पातळीच्या जरा खाली यायला हवी, म्हणजे ते पाय सहज उचलून ओलांडू शकतं. मोठ्या मांजराला ही उंची साधारण १० ते १५ सेंटीमीटर पडते. सुतार उभ्याने पाहतो आणि दिसायला बरं म्हणून झडप वर घेतो. मग मांजराला प्रत्येक वेळी उडी मारून आत शिरावं लागतं.

टेप घेऊन मांजर मोजायला गेलात तर ते उभं राहणार नाही. माझी पद्धत अशी : खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्यायचा, त्याला अंदाजाने भोक कापायचं आणि घरातल्याच एखाद्या दारात तो उभा बांधायचा. दोन दिवस मांजराला त्यातून जाऊ द्यायचं आणि आपण जमिनीवर बसून पाहायचं. पुढचे पाय टाकताना ते थबकतं का? पोट कडेला घासतं का? मागचा पाय अडखळतो का? पुठ्ठा खालीवर करायला मिनिटभर लागतं. दार एकदा कापलं की कापलं.

आणखी एक गोष्ट. आतली फरशी आणि बाहेरची पायरी क्वचितच एका पातळीत असतात. आमच्या पहिल्या झडपेला आतून उंची अगदी बरोबर होती, पण बाहेरची पायरी आतल्या फरशीपेक्षा वीसेक सेंटीमीटर खाली होती. आमची मांजर सोनी बाहेर जायची ती सहज, आणि परत येताना झडपेखाली बसून ओरडत राहायची. ती खाली उभी राहिली की झडप तिच्या नाकाच्याही वर यायची. बाहेर एक रुंद, न हलणारी लाकडी पायरी ठेवली, तेव्हा तिचं ओरडणं थांबलं. म्हणून उंची दोन्हीकडून मोजा. फरक मोठा असेल तर बाहेरच्या पायरीची सोय आधी करा, भोक मागाहून.

घरात लहान आणि मोठं अशी दोन मांजरं असतील तर उंची लहानाच्या मापाने घ्या आणि रुंदी मोठ्याच्या.

झडपेचा आकार कसा निवडायचा?

मांजराच्या अंगाचा रुंद भाग खांद्यांपाशी असतो, लठ्ठ मांजरात पोटापाशी. तिथून दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहिली पाहिजे. पिल्लू असेल तर त्याच्या आजच्या मापाने घेऊ नका. मोठ्या हाडापेराच्या जातींसाठी, मेन कूनसारख्या, मोठ्या मापाची झडपच लागते. बाजारात तीच कधीकधी लहान कुत्र्यांची म्हणून मिळते. पाकिटावर दोन मापं असतात : दारात पाडायच्या भोकाचं आणि मांजराला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वाटेचं. घेताना दुसरं माप पाहा. साध्या झडपेसाठी दारात साधारण १६–१७ सेंटीमीटरचा चौकोन पाडावा लागतो, पण चौकट वजा जाता मांजराच्या वाट्याला बरीच कमी जागा येते.

साधी, चुंबकाची की चिपवाली?

साध्या झडपेला बहुतेकदा चार प्रकारची कडी असते : दोन्हीकडून उघडी, फक्त आत येता येईल, फक्त बाहेर जाता येईल, आणि पूर्ण बंद. आसपास दुसरी मांजरं नसतील तर एवढं पुरतं.

चुंबकाच्या झडपेला मांजराच्या गळपट्ट्यात चुंबक अडकवावा लागतो. मला हा प्रकार आवडत नाही. शेजारच्या मांजराच्या गळ्यातही चुंबक असेल तर तेही आत येतं, चुंबकाला खिळे-चमचे चिकटतात, आणि गळपट्टा हरवला की मांजर बाहेर अडकतं. गळपट्टा लागणारच असेल तर ओढ बसताच सुटणारा घ्या. फांदीला अडकून मांजराला फास बसू शकतो.

चिपवाली झडप मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप वाचते. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब असते आणि दोन खांद्यांच्या मधोमध टोचलेली असते. तिच्यात बॅटरी नसते. झडपेच्या बोगद्यात चिप वाचणारी तार असते. तिच्या क्षेत्रात आल्यावर चिप जागी होते आणि आपला १५ आकडी क्रमांक सांगते. ओळख पटली की कडी खटकन सुटते. घेण्याआधी आपल्या मांजराची चिप कोणत्या प्रकारची आहे ते पशुवैद्यांकडून समजून घ्या. आजच्या बहुतेक चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात, पण जुन्या चिप वेगळ्याही असतात.

बऱ्याच चिपवाल्या झडपा फक्त आत येताना चिप वाचतात, बाहेर कोणालाही जाऊ देतात. एका मांजराला घरातच ठेवायचं आणि दुसऱ्याला सोडायचं असेल, तर दोन्हीकडून वाचणारी झडप लागते. घेऊन झाल्यावर हे कळलेले कितीतरी लोक मला भेटले आहेत.

बॅटऱ्या साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात. कमी बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागला की त्याच दिवशी बदला. बॅटरी संपली की झडप आपल्याच मांजराला ओळखत नाही.

माझ्या दारात बसेल का?

आधी दारावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. भरीव आवाज आला तर लाकूड किंवा भरीव फ्लश डोअर. हे काम सर्वांत सोपं.

पोकळ आवाज आला तर आत कागदी जाळी असते, दोन्ही बाजूंना पातळ प्लाय. भोक पाडल्यावर कडा मोकळ्या राहतात आणि स्क्रू आवळताच दोन्ही प्लाय आत दबतात. अशा वेळी भोकाच्या चारही बाजूंनी आत लाकडी रिपा घालून चिकटवाव्या लागतात. त्या कोरड्या होईपर्यंत, म्हणजे एक रात्र, झडपेला हात लावू नका.

पॅनेलच्या दारात झडप पॅनेलच्या सपाट भागात बसवा. उभ्या-आडव्या पट्ट्या आणि त्यांचे सांधे कापू नका, सगळं दार त्यांच्याच जोरावर उभं असतं. पॅनेल फार पातळ असेल तर मागून प्लायचा तुकडा लावून जाडी वाढवावी लागते.

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, दारात खालचं पॅनेल कापता येतं. आत बहुधा फोम असतो आणि तो सुरीनेही कापला जातो. कडेची चौकट मात्र कापायची नाही. तिच्या पोटात पोलादी पट्टी असू शकते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या दारात चिपवाली झडप लावायची असेल तर सावध राहा. धातूमुळे चिप वाचण्यात अडथळा येतो. भोक मोठं करून झडप आणि धातू यांच्यात प्लास्टिक किंवा लाकडाची चौकट घालावी लागते.

काचेचं काय? टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच एकदा भट्टीतून निघाली की तिला भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला तर सगळी काच दाण्यादाण्यांनी कोसळते. दुहेरी काचेचंही तेच, कारण दोन काचांमधली हवा बंदिस्त असते. भोकासह नवी काच बनवून घ्यावी लागते आणि ते काम काचवाल्याचंच. जुनी साधी काच कसबी काचवाला कापून देतो, तरी तडकण्याची शक्यता गृहीत धरा.

दार आगरोधक आहे, किंवा घर भाड्याचं आहे. तरी चालेल?

आगरोधक दाराला भोक पाडलं की ते आगरोधक राहत नाही. तिथे झडप बसवू नका. भाड्याच्या घरात मालकांची लेखी परवानगी घ्या.

झडपेतून हात घालून कोणी कडी काढेल, अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. झडप कडीपासून आणि कुलपापासून जास्तीत जास्त दूर, शक्यतो बिजागरीच्या बाजूला खाली घ्या. पूर्ण हात आत घालून काय काय गाठता येतं ते स्वतः बाहेर बसून पाहा. आणि किल्ली आतून कुलपात लटकत ठेवू नका.

कापायचं काम घरी करता येईल का? कसं?

हातात ड्रिल आणि जिगसॉ (बारीक पात्याची विजेवरची करवत) धरायची सवय असेल तर दोन-तीन तासांत होतं. सवय नसेल तर सुताराला बोलवा आणि आपण उंची सांगायला शेजारी थांबा.

मांजराला आधी दूरच्या खोलीत ठेवा. ज्या दारातून यंत्राचा किंचाळता आवाज आला, त्याच दाराजवळ संध्याकाळी ते कसं जाईल? दार काढायची गरज नाही. खाली दोन्हीकडून पाचर मारली की हलत नाही. पाकिटातला कागदी साचा दारावर चिकटवा आणि पाणसळ लावून पाहा. साचा तिरका गेला तर पाटी एका कुशीला घासत राहते. दार पूर्ण उघडल्यावर झडपेची चौकट भिंतीला किंवा दाराच्या थांब्याला आपटणार नाही ना, हे याच वेळी बघायचं.

रेघेवर कागदी चिकटपट्टी लावा आणि धारदार सुरीने रेघ कोरून घ्या. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून ढलपे यंत्राच्या बाजूला निघतात, आणि कोरलेल्या रेघेपाशी ते थांबतात. चारही कोपऱ्यांत, रेघेच्या आतल्या अंगाला, १० ते १२ मिलिमीटरची भोकं पाडा. पातं तिथून आत जातं. चष्मा आणि मास्क लावा. शेवटची बाजू कापताना दुसऱ्या माणसाने पलीकडून तुकडा धरायचा, नाहीतर तो वजनाने खाली येताना कड फाडतो. तो तुकडा जपून ठेवा. मागच्या बाजूला तारीख लिहून माळ्यावर टाकला तरी चालेल.

यानंतरची पायरी लोक गाळतात. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून तिला प्रायमरचे आणि रंगाचे दोन हात द्या. खालच्या कडेला तर तीन. उघडं लाकूड पाणी पितं, प्लायचे थर सुटतात, आणि एका पावसाळ्यात चौकट सैल होते. रंग वाळला की झडप बसवा, स्क्रू आतल्या बाजूने घाला आणि शेवटचे आटे हातानेच आवळा. जास्त आवळलं की प्लास्टिकची चौकट मधे बाक घेते आणि पाटी अडकते. बोटाने पाटी ढकलून सोडून द्या : दोनदा-तीनदा झुलून ती आपोआप मध्यावर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा पाहा.

बाहेरच्या बाजूला वर आणि दोन्ही कडांना सिलिकॉन भरा. खाली भरू नका, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं.

झडप बसवली, पण मांजर जवळही जात नाही. काय करू?

ढकलू नका. डोकं धरून झडपेतून पार केलेलं मांजर एकच गोष्ट शिकतं, की ही जागा वाईट आहे. ते विसरायला त्याला महिने लागतात.

मांजराच्या बाजूने पाहा. साधारण २५ सेंटीमीटरच्या आतलं त्याला स्पष्ट दिसत नाही, म्हणून नाकाजवळची पाटी ते मिशांनी आणि वासाने वाचतं. नव्या प्लास्टिकला परका वास असतो. मऊ फडकं मांजराच्या गालांवरून हळूच फिरवा आणि तेच फडकं चौकटीवर पुसा, म्हणजे झडपेला त्याचा स्वतःचा वास लागतो. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. आपण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, ते त्याच्या खूप पलीकडचं ऐकतं. आपल्याला बारीक वाटणारी कडीची खटकी त्याच्या कानाशी, डोकं बोगद्यात असताना वाजते.

पहिले काही दिवस पाटी पूर्ण वर उचलून दोरीने पक्की बांधा. ती चुकून मांजराच्या पाठीवर पडता कामा नये. एक माणूस आत, एक बाहेर, आणि आवडता खाऊ बाहेरच्या हातात. ते मोकळ्या भोकातून बिनधास्त ये-जा करायला लागलं की पाटी थोडी खाली आणा, म्हणजे पाठीला जेमतेम टेकेल. मग आणखी खाली. चुंबक काढता येत असेल तर या काळात काढून ठेवा, पाटी कमी जोराने हलते. चिपची झडप असेल तर दारात बसवण्याआधी टेबलावर ठेवून तिचा आवाज आणि खाऊ यांची सांगड घाला.

सोनीला अकरा दिवस लागले. सातव्या दिवशी मी जमिनीवर आडवी पडून पाहत होते. तिने नाक पाटीजवळ आणलं, मिशा पुढे केल्या, त्या प्लास्टिकला टेकून वाकल्या, आणि ती मागे सरली. मग एक पंजा उचलून खालच्या कडेला लावला. पाटी हलली. पंजा खाली. पुन्हा पंजा. चार वेळा तिने फक्त पाटी हलवून पाहिली आणि निघून गेली. त्या वेळी मी खाऊ दाखवला असता तर ती आलीही असती, पण मला वाटतं की ती पाटी आपल्या हाताने हलते, हे तिला तिचं तिने शोधू देणं गरजेचं होतं. अकराव्या दिवशी तिने डोकं घातलं आणि मागून सगळं अंग गेलं.

कोणी दोन दिवसांत शिकतं, कोणी महिनाभर घेतं.

बाहेरचे बोके आत येतात, आणि आमचं मांजर झडपेपाशी मुतायला लागलंय.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. घराची वेस फुटली असं मांजराला वाटतं, म्हणून ते तिथे आपला वास लावतं. त्याला रागावू नका. झडप काही दिवस पूर्ण बंद करा, जागा एन्झाइमच्या क्लीनरने धुवा आणि चिपवाली झडप बसवा. अमोनिया असलेला क्लीनर नको, त्याचा वास मुतासारखाच येतो. खाण्याची भांडी झडपेजवळ ठेवू नका. बाहेरच्यांना तेच आमंत्रण असतं, आणि आपलं मांजरही दाराकडे पाठ करून निवांत खाऊ शकत नाही.

बाहेरच्या बाजूला दोन मोठ्या कुंड्या थोड्या अंतरावर ठेवा. आडोशाला थांबून आजूबाजूला पाहून मग पुढे जाणं मांजराला आवडतं. झडप थेट मोकळ्या अंगणात उघडत असेल तर दबा धरून बसलेल्या बोक्याचं फावतं.

वाऱ्याने पाटी वाजते.

खालच्या चुंबकाचं अंतर कमी करा, पाटीच्या कडेची ब्रशसारखी पट्टी झिजली असेल तर बदला. चुंबकावर केस आणि लोखंडाचा कीस साचतो, तो महिन्यातून एकदा पुसा.

शेपूट अडकते का?

पाटी हलकी असते. घासते, पण इजा होत नाही.

घरात रांगतं मूल आहे.

मूल एकटं असेल तेव्हा झडप कडी लावून बंद ठेवा. रांगती मुलं झडपेत हात घालतात आणि कधीकधी डोकंही.

मांजर म्हातारं झालंय, झडपेतून जायला टाळतं.

सांधे दुखत असतील. आधी पशुवैद्यांना दाखवा. आमच्या बाळूने चौदाव्या वर्षी झडप सोडली. तो दारापाशी यायचा, पुढचा पाय उचलायचा आणि परत ठेवायचा. आत-बाहेर दोन्हीकडे पाच सेंटीमीटर उंचीच्या, खरखरीत चटई ठोकलेल्या फळ्या ठेवल्या आणि पाटीचा चुंबक काढून टाकला. तेवढ्याने तो पुन्हा जायला लागला. घरात मातीचा ट्रेही ठेवा. रात्री त्याला बाहेर जायचा त्रास नको.

पुढे झडप काढायची झाली तर?

जपून ठेवलेला तुकडा इथे कामी येतो. करवतीच्या पात्याएवढी फट चारही बाजूंना राहणार, म्हणून मागून भोकापेक्षा मोठा प्लाय चिकटवा, तुकडा त्यावर बसवा, फटीत लांबी (पुट्टी) भरा, घासा आणि संपूर्ण दार रंगवा. फक्त तेवढाच चौकोन रंगवलात तर तो कायम वेगळा दिसत राहतो. तुकडा फेकून दिला असेल तर दोन्ही बाजूंनी खालपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची पट्टी लावता येते. ती पाण्यापासून दाराचं रक्षणही करते.